पुन्हा भरा

१

राइयाच्या गाडीचं दार मी उघडलं आणि तसंच लावून टाकलं.

आंबवलेल्या हेरिंग माशाचा वास ज्याने कधी घेतला नाही त्याला तो सांगून कळायचा नाही, आणि ज्याने घेतलाय त्याला सांगायची गरज नाही. आमच्या उत्तर स्वीडनच्या किनाऱ्यावर ऑगस्ट सरता सरता लोक या माशाचे फुगलेले डबे उघडतात. तेही अंगणात, वारा कुठून येतोय ते बघून. कोणीतरी असले डबे राइयाच्या गाडीत रिकामे केले होते. सीटवर, पायाशी, हवा आत येते त्या जाळीतसुद्धा. समोरच्या काचेवर पांढऱ्या रंगात एकच शब्द होता: ‘दोनदा’.

“दार कशाला उघडलंत?” राइया म्हणाली. “सांगणारच होते मी. आता कोट फेकून द्या.”

राइया कोस्केला हाम्नविक गावच्या दुकानात गल्ल्यावर बसायची. मूळची फिनलंडची, चाळिशीतली, उंच आणि हाडापेराने मजबूत. बोलायची अशी, की जणू शब्दागणिक कर पडतो. मी तोरा एडब्लाद, नगरपालिकेची ग्राहक सल्लागार. फसवले गेलेले लोक माझ्याकडे येतात, म्हणजे माणसं एकमेकांना कसं लुबाडतात हे बघणं हाच माझा पोटाचा धंदा. माझ्या नवऱ्याचं म्हणणं असं, की त्यामुळे माझ्या तोंडावर कायम नासकं दूध प्यायल्यासारखा भाव असतो.

तक्रार साधी होती. वसंतापासून हाम्नविकच्या दुकानात मोबाइलवरून पैसे भरणाऱ्यांचे पैसे दोनदा जात होते. दूध एकदा घेतलं, बटाटे एकदा घेतले, पण खात्यातून रक्कम दोनदा वजा. सगळ्यांच्या बाबतीत नाही आणि रोजही नाही. पण ज्यांचे गेले ते सगळे राइया गल्ल्यावर असतानाच गेले होते. दुसरी गल्लेवाली बेरित बसली असेल त्या दिवशी एकाचेही नाहीत.

“पोलिसांना कळवलंत?”

“कळवलं. म्हणाले, फोटो पाठवा. फोटोला वास येत नाही.”

“तोंडावरच विचारते. पैसे तुम्ही घेतलेत?”

“नाही.”

“मग कुणी?”

“ते शोधायचा पगार तुम्हाला मिळतो.” तिने खिशातून रुमाल काढून माझ्या हातात दिला, नाकाला लावायला. “आणि एक ऐकून ठेवा. हे असलं कोणी दुधाच्या पैशांसाठी करत नाही. लोक म्हणतात, सिक्स्टेनच्या बायकोला मी मारलं.”

२

दुकान हा हाम्नविकचा जीव. शहरातल्या मोठ्या मालकांनी परवडत नाही म्हणून ते बंद केलं, तेव्हा आल्गोत वेस्टबर्गने घरोघर फिरून गावाला सभासद करून घेतलं आणि ते सहकारी तत्त्वावर पुन्हा उघडलं. आल्गोतची पूर्वी लाकूड कापायची गिरणी होती. आता सत्तरी ओलांडलेला, पांढरी दाढी, हाताने विणलेला स्वेटर. एका पैशाचा पगार न घेता अध्यक्ष म्हणून राबायचा. त्याच्याबद्दल वाकडा शब्द गावात कोणी काढत नसे.

मी पोचले तेव्हा दाराबाहेर दोन बायका पिशव्या घेऊन उभ्या होत्या. आत का जात नाही, असं विचारल्यावर एक म्हणाली, “ती जेवायला उठू दे. मग बेरित बसते.”

आत आल्गोत कॉफीचं पाकीट घेऊन गल्ल्यापाशी होता. राइयाने पाकीट मशीनवरून फिरवलं, आल्गोतने मोबाइल स्क्रीनसमोर धरला. क्षणभर काहीच झालं नाही. मग स्क्रीनवर लाल पट्टी आली: पैसे आले नाहीत, पुन्हा भरा.

“आले नाहीत,” राइयाचं बोट बटणाकडे गेलं. “पुन्हा...”

“थांब गं बाई, आधी मला दिसू तर दे.” आल्गोतने चष्मा काढला आणि स्वेटरच्या कडेने सावकाश पुसायला घेतला. पुसता पुसता माझ्याकडे वळला. “नगरपालिकेच्या ना तुम्ही? रस्ता कसा होता? या दिवसांत वळणावर मूस हरणं आडवी येतात हं.”

रस्ता बरा होता, मी म्हटलं. त्याने चष्मा उजेडात धरून बघितला, पुन्हा फुंकर मारून पुसला. तेवढ्यात स्क्रीन हिरवी झाली.

“आले बघ,” तो राइयाला म्हणाला. “किती घाई करतेस!”

मागच्या खोलीत त्याने मला कॉफी दिली, वेलदोड्याचा बन दिला आणि सिक्स्टेनची हकिगत सांगितली. सिक्स्टेन होल्मग्रेन जहाजावर इंजिन सांभाळायचा. बायको एल्ना शहरातल्या शुश्रूषागृहात होती. तिच्या वाढदिवसाला त्याने दुकानातून आठवड्याचा बाजार आणि केक घेतला. महिनाअखेर होती. पैसे दोनदा गेले आणि खातं रिकामं झालं. बसमध्ये चढला तर मोबाइलवर तिकीट निघेना. म्हातारा मानी, खाली उतरला. एल्ना त्याच रात्री गेली.

“राइयाबद्दल मी एक शब्द बोलणार नाही,” आल्गोत हलकेच म्हणाला. “गल्ल्यावर तीच होती, एवढंच.”

“जादा पैसे दुकानाच्या खात्यात आले का?”

“कंपनी आठवड्याची रक्कम एकदम पाठवते. त्यात कुठला क्रोनर कुणाचा, ते माझ्यासारख्या म्हाताऱ्याला काय कळणार?” तो हसला. “विक्री वाढली म्हणून मी आपला खूश होतो.”

मी निघाले तेव्हा त्या दोन बायका अजून बाहेरच होत्या. माझ्याबरोबर राइया दाराशी आली, तशा त्यांनी नाकाला हात लावले. वास खरंच येत होता. पण त्या हसत होत्या.

३

सिक्स्टेनचं पिवळं घर खाडीच्या टोकाला होतं. पायरीशेजारी कचऱ्याचा डबा होता, झाकण अर्धवट उघडं. आत हेरिंगचे रिकामे डबे होते. लपवायची तसदीही घेतली नव्हती.

“हो, मीच ओतला,” मी काही विचारायच्या आत तो म्हणाला. लहानसा, वाळलेला म्हातारा. डोळ्यांत मोतीबिंदू. “पोलिसांना सांग जा.”

“मी पोलीस नाही.”

“मग आत ये.”

टेबलावर दोन माणसांच्या जेवणाची ताटं मांडलेली होती. बसल्यावर त्याने एक उचलून कपाटात ठेवलं.

“ते डबे एल्नासाठी आणले होते,” तो म्हणाला. “मला तो वास सोसत नाही. दर वर्षी ती अंगणात बसून खायची, मी खिडकी लावून आत बसायचो. आता कोण खाणार?”

“बसमध्ये काय झालं?”

“ड्रायव्हर म्हणाला, बसा आजोबा, बघू नंतर. मी उतरलो. आयुष्यात फुकटचा प्रवास केला नाही.” तो बोटांनी टेबलाची कड चाचपत राहिला. “वाटलं, पोराला फोन करून पैसे मागवू, उद्या जाऊ. केक काय, उद्यापर्यंत टिकतो.”

मी टेबलावर उरलेलं एक ताट बाजूला सरकवलं. काही वाक्यांपुढे बोलणारा माणूस मूर्ख असतो.

“राइयानेच पैसे खाल्ले, हे तुम्हाला कोणी सांगितलं?” मग मी विचारलं.

“कोणी नाही. आल्गोत तर तिच्याविरुद्ध अवाक्षर बोलला नाही. दफनानंतर चर्चमध्ये कॉफी होती, तेव्हा शेजारी येऊन बसला. माझा हात धरला. म्हणाला, राइयाबद्दल मी एक शब्द बोलणार नाही. गल्ल्यावर तीच होती, एवढंच.”

तेच वाक्य. शब्दाला शब्द तेच. माझ्या तोंडाला त्या गोड बनची चव परत आली आणि ती बरी लागली नाही.

“समजा तिने नसतील घेतले,” मी म्हणाले.

“मग मला सांग,” सिक्स्टेन टेबलावर पुढे वाकला, “बेरितच्या हातून एकदाही असं होत नाही, ते कसं?”



४

ते शोधायला मी दुसऱ्या दिवशी दुकानातल्या खिडकीपाशी कॉफी घेऊन बसले आणि नुसती बघत राहिले.

बेरित सुंडेल म्हणजे गोल चेहऱ्याची, गुलाबी गालांची बाई. कोणी आलं की हिच्या तोंडाचा पट्टा सुरू. “अगं, तुझ्या सुनेला मुलगी झाली म्हणे? नाव काय ठेवलं? अय्या, असलं कसलं नाव!” समोरच्याने मोबाइल स्क्रीनपुढे धरलेला. स्क्रीनवर लाल पट्टी येई. पण बेरितची मान तिकडे वळायचीच नाही. सून झाली, मग नात झाली, मग सुनेच्या आईचं ऑपरेशन निघालं. ते संपेपर्यंत स्क्रीन आपोआप हिरवी झालेली असे.

मग राइया बसली. पाकीट फिरवलं. मोबाइल. लाल पट्टी आली की तिचं बोट लगेच बटणावर. “आले नाहीत. पुन्हा भरा.” माणूस पुन्हा भरायचा. हिरवी. “पुढचा.”

कॉफी तशीच ठेवून मी उठले. हाम्नविक तीन बाजूंनी कड्यांनी वेढलेलं आहे. फोनला रेंज मिळते ती उपकार केल्यासारखी. भरलेले पैसे पोचत होते, पण उशिरा. बेरित गप्पांत थांबायची, म्हणून पहिलेच पैसे येऊन पट्टी हिरवी व्हायची. राइया थांबत नसे. ती पुन्हा भरायला लावायची, आणि रेंगाळलेले पहिले पैसे मागाहून येऊन पोचायचे ते जादाचे. राइयाचा गुन्हा एवढाच, की ती कामाला चटपटीत होती आणि स्क्रीनवर लिहिलेलं खरं मानत होती.

ॲपवाल्या कंपनीला मी फोन लावला. तिचं नाव इथे घेत नाही. वकील पोसण्याइतका पैसा त्यांच्यापाशी आहे. लुडविग नावाचा, आवाजाने तरुण वाटणारा साहेब बोलायला आला.

“पैसे वाटेत असतानाच तुमची स्क्रीन लाल का होते?”

“ग्राहकाला वाट बघायला आवडत नाही, असं आमच्या पाहणीत आढळलंय.”

“पैसे दोनदा द्यायला आवडतं, असं आढळलंय का?”

“तो आमच्या दृष्टीने वेगळा विषय आहे,” तो नम्रपणे म्हणाला. “ग्राहकाने परत मागितले तर दुकानाने द्यायचे असतात. बरेच जण मागत नाहीत. लहान रकमा असतात ना.”

“म्हणजे हे तुम्हाला माहीत आहे.”

“आम्हाला आकडे माहीत असतात. माणसं नाही.”

मी फोन कानापासून थोडा लांब धरला. मग विचारलं, “आणि जादा पैसे आल्याचं दुकानाला कळणार कसं?”

“प्रत्येक वेळी कळवतो आम्ही! जादा रक्कम जमा झाली की दुकानाने नोंदवलेल्या फोनवर तत्क्षणी संदेश जातो. त्याचा खास आवाज असतो, घंटीसारखा. फोन मुका केलेला असला तरी वाजतो.”

“हाम्नविकच्या दुकानाने कुणाचा फोन नोंदवलाय?”

“माफ करा,” लुडविग म्हणाला, “ती त्या व्यक्तीची खासगी बाब आहे.”

खासगी! अख्ख्या गावाच्या खिशात हात घालताना यांना खासगी काही आठवलं नव्हतं. पण एक गोष्ट पक्की झाली. गावात कोणाच्या तरी खिशात घंटी वाजत होती, आणि तो माणूस वसंतापासून ती ऐकत होता.

५

राइया म्हणाली, “माझ्या फोनवर घंटी नाही. बघा.” फोन माझ्या पुढ्यात टाकून ती चालती झाली.

बेरित म्हणाली, “मला गं कोण कळवतंय! तो मशीन बसवणारा माणूस आला तेव्हा मी रजेवर होते. हिप बदललं ना माझं.” आणि हिपची कथा सुरू झाली.

आल्गोत म्हणाला, “संदेश? मला तर कधी आला नाही. मशीन बसवणाऱ्याने स्वतःचाच नंबर घातला असेल. ते लोक काय, आज इथे, उद्या तिथे.” त्याने माझ्या कपात आणखी कॉफी ओतली. “म्हणजे राइयाचा दोष नाही म्हणता? हं. नसेल. पण गावाचा विश्वास उडालाय हो. तिला दुसरीकडे काम मिळालं तर तिच्याच भल्याचं.”

मी गाडीत येऊन बसले. समुद्रावरचं धुकं काचेवर जमलं होतं, चष्म्यावरही. मी चष्मा काढून पुसायला लागले आणि हात जागच्या जागी थांबला.

पहिल्या दिवशी आल्गोतला दिसत नव्हतं म्हणे. म्हणून त्याने राइयाला थांबवलं. पण चष्मा पुसून झाला तरी त्याने तो डोळ्यांवर चढवला नव्हता. हातात धरला, पुन्हा पुसला. डोळ्यांवर नसताना स्क्रीन हिरवी झालेली मात्र त्याला बरोबर दिसली.

बेरित थांबायची ती नकळत. गावातली बाकीची माणसं थांबतच नव्हती. एकच माणूस मुद्दाम थांबला होता, कारण थांबलं की पैसे एकदाच जातात हे त्याला ठाऊक होतं. आणि ते ठाऊक असूनही मागच्या माणसाला त्याने कधी म्हटलं नव्हतं, की बाबा रे, जरा थांब.

पण चष्मा पुसणं हा काही पुरावा नव्हे. मी परत आत गेले.

“सभासदांची सभा बोलवा,” आल्गोतला म्हणाले. “जे आहे ते सगळ्यांसमोर सांगते.”

“अवश्य,” तो म्हणाला. “गावालाही एकदाचं उत्तर मिळू दे.” त्याला वाटलं, राइयाला काढायची सोय झाली.

६

शनिवारी दुकान बंद करून आतच खुर्च्या मांडल्या. गाव लोटलं होतं. राइयाच्या आजूबाजूच्या खुर्च्या मात्र रिकाम्या होत्या. सिक्स्टेन शेवटच्या रांगेत बसला होता. बेरितने बन वाटले. आल्गोत पुढे, माझ्या शेजारी.

“राइया, गल्ल्यावर बसा,” मी म्हणाले. “सिक्स्टेन, तुम्ही एक काडेपेटी घ्या.”

कुजबुज झाली. सिक्स्टेनने काडेपेटी ठेवली, मोबाइल धरला. लाल पट्टी. “पुन्हा भरा,” राइया म्हणाली. त्याने पुन्हा भरले. हिरवी.

“झालं?” कोणीतरी विचारलं.

“थांबा.”

आम्ही थांबलो. पाण्यात नाणं पडावं तसा एक बारीक आवाज झाला. टिंग.

“माझ्या मुलीचा मेसेज,” आल्गोत म्हणाला.

“असेल. बेरित, तुम्ही काडेपेटी घ्या. आणि कृपा करून काही बोलू नका.”

बेरितला ते फार जड गेलं. पण तिने ओठ मिटून मोबाइल धरला. लाल. पुन्हा. हिरवी. आता कोणी कुजबुजत नव्हतं. टिंग. आवाज आल्गोतच्या स्वेटरच्या आतून आला.

तिसऱ्यांदा मी स्वतः भरले. पट्टी लाल झाली, मी पुन्हा भरले, आणि सगळी खोली आल्गोतच्या छातीकडे बघत बसली. त्याचा हात खिशाकडे सरकू लागला.

“हात खाली,” राइया गल्ल्यावरून म्हणाली.

हात खाली आला. टिंग.

मग मी सगळं सांगितलं: उशिरा पोचणारे पैसे, बेरितच्या गप्पा, राइयाची घाई, कंपनीची घंटी, चष्मा. कोणी मला थांबवलं नाही. आल्गोतने दाढीवरून हात फिरवला आणि उठून उभा राहिला. त्याचा आवाज मुळीच कापत नव्हता.

“मी एक क्रोनर घरी नेला नाही. मोठा फ्रीज बंद पडला, तो कोणत्या पैशांनी आला? हिवाळ्यातली वीज कोणी भरली? वर्गणी मागितली की तुम्ही सगळे तोंड फिरवता. कोणी परत मागायला आलं असतं तर दिलेच असते. मागितलेत का? अंगणात उभे राहून राइयाला शिव्या दिल्यात, पण माझ्याकडे कोण आलं?”

“आणि राइयावर आळ आला तेव्हा?” मी विचारलं.

“दुकान जगायला हवं होतं. राइयाला काय, दुसरं कुठलंही काम मिळालं असतं.”

हे तो तिच्यासमोर बोलला, तेही हात पसरून, समजुतीच्या सुरात. आता कोणीतरी उठेल, खुर्ची आपटेल, निदान थू म्हणेल, असं मला वाटलं. मागून एका माणसाने विचारलं, “म्हणजे पैसे दुकानातच आहेत ना?”

आणि खोलीभर सुटकेचा श्वास पसरला. माना हलल्या. “आपलेच पैसे, आपलंच दुकान,” एकजण म्हणाली. बेरितने बनचं ताट पुन्हा उचललं. 

तेव्हा सिक्स्टेन पुढे आला. खुर्च्यांच्या पाठी चाचपत, एकेक.

“आल्गोत,” त्याने विचारलं, “त्या दिवशी वाजली होती का घंटी?”

“मला कसं आठवणार, सिक्स्टेन? किती लोक...”

“केक होता. हिरवा, बदामाच्या मार्झिपानचा. एल्नाला तोच लागायचा. तू दाराशी उभा होतास. म्हणालास, एल्नाला माझ्याकडून शुभेच्छा सांग. आठव.”

आल्गोतने आमच्याकडे बघितलं. मदतीला कोणी आलं नाही. तेवढी तरी लाज शिल्लक होती.

“वाजली होती,” तो म्हणाला.

“मी दुकानात असताना?”

“दारातून बाहेर पडलास तेव्हा.”

“हाक मारता आली असती.”

आल्गोत खाली बसला. सिक्स्टेनने मान हलवली. एखाद्याला बसची वेळ सांगितली की तो हलवतो, तितकीच. मग तो गल्ल्याकडे वळला.

“गाडी मी धुऊन देतो,” तो राइयाला म्हणाला.

“तो वास धुऊन जात नाही.”

“मग एल्नाची घे. शेडमध्ये उभी आहे. मला आता दिसत नाही चालवायला.” त्याने किल्ली काउंटरवर ठेवली. आधीच खिशात घालून आला होता की नेहमीच बाळगायचा, कोण जाणे. “मी चुकलो, राइया.”

राइयाने किल्लीकडे बघितलं, लोकांकडे बघितलं. गल्ल्यावरचा एप्रन सोडून तिने त्याची नीट घडी घातली.

“चला,” ती सिक्स्टेनला म्हणाली. “तुम्हाला घरी सोडते.”

दोघं गेल्यावर बराच वेळ कोणी उठलं नाही. कॉफी मात्र संपली.

७

पुढचं थोडक्यात सांगते. प्रकरण सरकारी वकिलांपर्यंत गेलं आणि आल्गोतला दंड झाला. तो गावाने वर्गणी काढून भरला. दुकानासाठी त्याने वर्गणी मागितली होती, तेव्हा ती निघाली नव्हती. कंपनीने लाल पट्टी थोडी उशिरा दाखवायला सुरुवात केली आणि ‘ग्राहकांच्या सूचनेवरून केलेली सुधारणा’ म्हणून तिची जाहिरात केली. ज्यांनी अर्ज केला त्यांना पैसे मिळाले. निम्म्यांनी केलाच नाही. शेजाऱ्यांना काय वाटेल, म्हणून.

राइयाच्या दाराशी कोणीतरी फुलझाडाची कुंडी ठेवून गेलं, नाव न घालता. तिने ती उचलून दुकानाच्या पायरीवर आणून ठेवली आणि महिनाअखेरीला एल्नाच्या गाडीत सामान भरून सुंड्सवालला निघून गेली. तिथे बेकरीत लागली. सिक्स्टेनला दर रविवारी फोन करते. तो सांगतो, ती बोलत काहीच नाही, पण फोन ठेवतही नाही.

मार्चमध्ये मला बेरितचा फोन आला. आदल्या दिवशी दुकानाची वार्षिक सभा झाली होती.

“अगं तोरा, तुला कायद्याचं कळतं म्हणून विचारते. आम्ही आल्गोतला परत अध्यक्ष केलं. दुसरं कोण करणार एवढं काम? हात वर करून मतं घेतली. चालतं ना तसं?”

“विरोधात किती होते?”

“सिक्स्टेन एकटा. पण त्याला दिसत नाही ना, सगळे वर करतायत की खाली ते. सांग ना, कायद्यात बसतं का?”

मी खिडकीबाहेर बघितलं. बर्फ वितळून रस्त्याकडेला वर्षभराची घाण वर आली होती.

“बसतं,” मी म्हणाले.

“बघ! मी त्यांना म्हटलंच होतं, तोरा समजूतदार आहे. ये ना कधी कॉफीला, आल्गोतसुद्धा विचारत होता तुला.”

“बेरित,” मी म्हणाले, “तुझा हात वर होता?”

मी ओळखते तिला तेव्हापासून पहिल्यांदाच ती बाई गप्प बसली. मी फोन ठेवला नाही. तिच्या उत्तराची वाट बघत राहिले, आणि शेवटी तिनेच फोन ठेवला.